अर्ध्या गुणाचा हिशेब

रात्रीची जेवणे आटोपली होती. ओटा पुसून झाला होता आणि आई कोमट दुधाला विरजण लावत होती. तेवढ्यात नववीतली लेक घटक चाचणीचा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तो तिने ओट्यावर आपटला.

"अर्धा मार्क कापलाय. उत्तर बरोबर असून!"

आईने हात पुसून पेपर हातात घेतला. बीजगणितात वीसपैकी साडेएकोणीस! दुसऱ्या एखाद्या घरात एवढ्या गुणांवर पेढे आले असते. पण लेकीचा चेहरा पेढे खाण्यासारखा नव्हता. राग गुणाचा नव्हता, अन्यायाचा होता, आणि त्या वयात अर्ध्या गुणाचा अन्यायसुद्धा झोप उडवायला पुरेसा असतो.

प्रश्न साधाच होता. चौरसाचा कर्ण १ मीटर असेल, तर त्याची बाजू किती? लेकीने पायथागोरसचे प्रमेय लावून उत्तर लिहिले होते, १/√२ मीटर. त्याभोवती लाल वर्तुळ आणि शेजारी शेरा : 'छेदाचे परिमेयीकरण करा.'

"म्हणजे √२/२ असं लिहायला हवं होतं," लेक म्हणाली. "पण आई, दोन्ही एकच आहे! हे बघ." तिने मोबाईलवरचे कॅल्क्युलेटर उघडले. एक भागिले दोनाचे वर्गमूळ, ०.७०७१०६... मग दोनाचे वर्गमूळ भागिले दोन. पुन्हा तेच, शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. "मग मार्क कशाचा कापला?"

"मॅडमना विचारलंस?"

"विचारलं ना. म्हणाल्या, छेदात करणी ठेवायची नसते. नियम आहे."

विरजणाचा चमचा आईच्या हातात तसाच राहिला. नियम आहे. हे दोन शब्द तिने पूर्वी ऐकले होते. तीस वर्षांपूर्वी, असेच रात्रीच्या जेवणानंतर, याच धड्यावर.

तेव्हा ती स्वतः नववीत होती. तिचे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. दिवसभर कालव्याच्या कामावर उन्हात उभे राहून आलेले आणि रात्री पुढ्यात अंदाजपत्रकांची फाईल पसरून बसलेले. तिने वही पुढे करून विचारले होते, "नाना, खालचं वर्गमूळ वर का न्यायचं? खाली राहिलं तर काय बिघडतं?" नानांनी मान वर न करता सांगितले होते, "नियम आहे तो. पाठ कर आणि पुढे चल."

बस, एवढेच. ते ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. पण ती पुढे गेली ती खरोखरच पाठ करीत. दहावीला गणितात गुण वाईट पडले नाहीत. मात्र अकरावीला कलाशाखा घेताना, 'तिचं गणितात डोकं नाही' असे घरात कोणीतरी म्हणाले, तेव्हा तिलाही ते पटले होते. एका वाक्याने कोणाचे आयुष्य बदलत नाही हे खरे. पण विचारण्याची सवय मात्र एका वाक्याने मोडू शकते.

आज तेच नाना बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून बातम्या पाहत होते. वय ऐंशीच्या पुढे. आजी गेल्यापासून ते लेकीकडेच राहायला आलेले.

"आजोबांना विचार," आई म्हणाली. हे ती लेकीसाठी म्हणाली की स्वतःसाठी, तिचे तिलाच कळले नाही.

दोन कागद, दोन भागाकार

आजोबांनी चष्मा चढवला. पेपर उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि दूरदर्शन संचाचा आवाज बंद केला.

"तुझं उत्तर चूक नाही," ते म्हणाले. "आणि तुझ्या मॅडमही चुकल्या नाहीत. तो मोबाईल जरा बाजूला ठेव. दोन कोरे कागद आण, दोन पेन्सिली आण, आणि आईलाही बोलाव."

दोनाचे वर्गमूळ त्यांनी तोंडपाठ सांगितले, १.४१४२१. "हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ असायचं. आता तू एकाला या आकड्याने भाग. आणि तू," ते आईकडे वळले, "या आकड्याला दोनाने भाग. पाच-सहा दशांश स्थळांपर्यंत. करा सुरू."

आईचे काम पाऊण मिनिटात झाले. चौदाचे निम्मे सात, एकाचे शून्य, चौदाचे पुन्हा सात... ०.७०७१०५. तिने पेन्सिल खाली ठेवली तेव्हा लेक दशांशचिन्ह हलवून भाजक १४१४२१ करून बसली होती. आता भाग घालायचा कितीचा? आठाचा घातला, तर जास्त झाला. खोडले. सातचा घातला, तर ९८९९४७. वजाबाकी १००५३. शून्य घेतले, भाग जाईना. आणखी एक शून्य. पुन्हा सात. पुन्हा मोठी वजाबाकी, पुन्हा हातचे. मधेच एक हातचा विसरला म्हणून दोन ओळी खोडाव्या लागल्या. शेवटी ०.७०७१०८ आले तेव्हा घड्याळाचा काटा पाच मिनिटे पुढे सरकला होता आणि कागद खाडाखोडीने काळा झाला होता.

"उत्तर जवळजवळ एकच," आजोबा हसत म्हणाले. "शेवटच्या आकड्यात थोडा फरक आहे, कारण आपण वर्गमूळच पाच स्थळांवर तोडलं. पण मेहनत बघ! मी नोकरीला लागलो तेव्हा कॅल्क्युलेटर कुठले? कालव्याच्या बाजूचा उतार एकास एक असला, की उताराची लांबी खोलीच्या √२ पट. दिवसभर हेच आकडे. लॉगची कोष्टकं होती, पण छोट्या हिशेबाला कागद-पेन्सिलच. अशा वेळी सहा आकडी भाजकाने भागत बसायचं, की सरळ दोनाने भागायचं?"

वर्गमूळ छेदात असले, तर न संपणाऱ्या दशांश अपूर्णांकाने भागावे लागते. ते अंशात नेले, तर त्या लांबलचक आकड्याला एका साध्या पूर्णांकाने भागले की झाले. आणि ते न्यायचे कसे? अंश व छेद दोघांनाही √२ ने गुणायचे. √२/√२ म्हणजे एक. एकाने गुणल्यावर किंमत बदलत नाही, फक्त रूप बदलते. दहाची नोट मोडून दहा नाणी घ्यावीत, तसे. परिमेयीकरण या जड शब्दाच्या पोटात एवढीच गोष्ट आहे : छेदातली अपरिमेय संख्या घालवून तिथे परिमेय संख्या आणणे.

लेक थोडा वेळ गप्प बसली. मग तिने जे विचारले, त्याने आईला मनातून बरे वाटले.

"पण आजोबा, आता कॅल्क्युलेटर आहे ना! मग हे कारण तर संपलं. कारण संपलं तरी नियम कशाला ठेवायचा?"

एकाच माणसाची तीन नावे

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. ते कारण जुनं झालं, हे कबूल करायलाच हवं. पुढे इंजिनिअरिंगला गेलीस तर पाहशील, तिथे १/√२ खुशाल तसंच लिहितात, कोणी गुण कापत नाही. पण एक कारण संपलं म्हणजे सगळी संपली असं नाही."

त्यांनी कागदावर तीन उत्तरे लिहिली : ६/√१२, ३/√३ आणि √३.

"वर्गातल्या तीन मुलींनी एकाच गणिताची ही उत्तरं लिहिली. बरोबर कोणाचं?"

लेकीने पेन्सिल घेतली. √१२ म्हणजे चार गुणिले तीनचे वर्गमूळ, म्हणजे २√३. म्हणून ६/√१२ म्हणजे ३/√३. अंश-छेदाला √३ ने गुणले की वर ३√३ आणि खाली ३. तीनाला तीन गेले, उरले √३.

"अय्या! तिन्ही एकच!"

"मला तू आजोबा म्हणतेस, तुझी आई नाना म्हणते, ऑफिसात शिपाई साहेब म्हणायचा. माणूस एकच. पण रेशनकार्डावर एकच नाव लागतं, नाहीतर एका माणसाची तीन माणसं होतील. सरळ रूप म्हणजे संख्येचं रेशनकार्डावरचं नाव. सगळ्यांनी त्या रूपात लिहिलं, की दोन उत्तरं एक आहेत की वेगळी, ते बघताक्षणी कळतं."

बेरजेचेही तसेच. १/√२ आणि √८ यांची बेरीज करा म्हटले, तर ही दोन भावंडे आहेत हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. पण पहिले √२/२ आणि दुसरे २√२ असे लिहिले, की अर्धा √२ आणि दोन √२, मिळून अडीच √२. पाठ्यपुस्तक ज्यांना समरूप करणी म्हणते, ती हीच भावंडे. सरळ रूप दिल्याशिवाय ती एकमेकांना सापडत नाहीत.

"आणि आता असं गणित बघ, जिथे तुझा कॅल्क्युलेटर असला तरी डोकं लागेल." आजोबांनी लिहिले : १/(√५० − ७). "समज, √५० ची किंमत तू एकाच दशांश स्थळापर्यंत घेतलीस, ७.१. उत्तर किती?"

"७.१ वजा ७, ०.१. एक भागिले ०.१ म्हणजे दहा."

"आता ७.०७ घे."

"०.०७... १४.२८."

"आणि ७.०७१?"

"१४.०८. अरे! हे काय? दहावरून एकदम चौदा?"

आजोबांनी तिला छेदातले चिन्ह बदलून, म्हणजे √५० + ७ ने, अंश आणि छेद गुणायला सांगितले. छेदात (√५० − ७)(√५० + ७), म्हणजे ५० वजा ४९, म्हणजे नुसता एक! उत्तर उरले √५० + ७. आता तीच ढोबळ किंमत ७.१ घातली तरी १४.१ येते. ७.०७ घातली तर १४.०७. उत्तर उड्या मारीत नाही.

असे का होते? घरात वजनकाटा असेल, तर आपल्या मांजराचे वजन करून पाहावे. मांजर घेऊन आपण काट्यावर उभे राहायचे, मग मांजर सोडून पुन्हा उभे राहायचे आणि वजाबाकी करायची. काटा अर्धा किलो जरी चुकला, तरी आपल्या साठ किलोंत ते कळत नाही. पण तीन किलोंच्या मांजराच्या वजनात तो घोटाळाच करतो. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी केली की बारीकशी चूकही मोठी होऊन बसते, आणि तशा वजाबाकीने भागायचे म्हटले की विचारूच नका. परिमेयीकरणाने वजाबाकीची बेरीज होते आणि चूक जागच्या जागी राहते. संगणकासाठी आज्ञावली लिहिणारेही आजसुद्धा याच कारणाने अशी पदे आधी दुसऱ्या रूपात मांडून घेतात. म्हणजे नियम म्हातारा झाला असेल, पण निवृत्त झालेला नाही.

पाटणचा शिलालेख

"ही चिन्ह बदलून गुणायची युक्ती कोणाची, माहीत आहे?" आजोबांनी विचारले. उत्तराची वाट न पाहता तेच म्हणाले, "माझी बदली चाळीसगावला होती तेव्हा आपण पाटणादेवीला जायचो. आठवतं का गं तुला?"

आईला आठवत होते ते डोंगर, धबधबा, आणि फडक्यात बांधून नेलेली भाकरी-चटणी. पण तिथल्या शिलालेखाविषयी तिला कधी कोणी सांगितले नव्हते.

पाटण हे भास्कराचार्यांच्या घराण्याच्या विद्येचे ठिकाण. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून नातवाने पाटणला मठ स्थापन केला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले, असे तिथला शिलालेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त करणींवर स्वतंत्र प्रकरण आहे. करणीसाठी ते 'क' हे अक्षर लिहीत आणि ऋण संख्येवर टिंब देत. करणींच्या भागाकाराची रीत ते अशी सांगतात : भाजकातल्या एका करणीचे चिन्ह उलटे करावे, त्याने भाज्य आणि भाजक दोघांनाही गुणावे, आणि भाजकात एकच करणी उरेपर्यंत असे करीत जावे. नववीच्या पुस्तकात आज अनुबद्ध जोडी म्हणून जे शिकवतात, ते हेच. आणि भास्कराचार्यांच्याही पाचशे वर्षे आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनी ही रीत सांगून ठेवलेली आहे.

करणी हा शब्दही किती जुना! यज्ञवेदी रचण्यासाठी लिहिलेल्या शुल्बसूत्रांत, दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ज्या दोरीवर उभा राहतो तिला द्विकरणी म्हटले आहे. तिचे मापही बौधायनांनी दिले आहे : एक, त्यात एक तृतीयांश, त्यात त्याचा चौथा भाग, आणि त्यातून त्याचा चौतिसावा भाग वजा. हिशेब केला तर ५७७/४०८ येतात, आणि ही किंमत √२ शी पाच दशांश स्थळांपर्यंत जुळते.

लेक ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांत अजून एक शंका शिल्लक होती. "हे सगळं पटलं. पण १/√२ आणि √२/२ एकच आहे हे मला दिसत नाही. गणिताने कळतं, दिसत नाही."

आजोबांनी तिचीच उत्तरपत्रिका उचलली. तो ए-फोर आकाराचा कागद होता, २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ लांब. "या कागदाची रुंदी एक धरली, तर लांबी √२ आहे. म्हणजे आखूड बाजू भागिले लांब बाजू, १/√२. हे तुझं उत्तर." मग त्यांनी थरथरत्या बोटांनी कागद मधोमध दुमडला. "आता लांबीची झाली निम्मी, म्हणजे √२/२. आणि पूर्वीची रुंदी, एक, ती झाली लांब बाजू. आता आखूड भागिले लांब किती?"

"√२/२," लेक हळूच म्हणाली. "मॅडमचं उत्तर."

"आणि कागदाचा आकार?"

तिने दुमडलेला कागद एका कोऱ्या कागदावर ठेवून पाहिला. लहान झाला होता, पण ठेवण तीच. पुन्हा दुमडला, पुन्हा तीच. हा कागद कितीही वेळा निम्मा केला तरी त्याचे रूप बदलू नये, म्हणूनच त्याचे प्रमाण √२ ठेवलेले आहे. झेरॉक्सच्या दुकानात रोज हाताळल्या जाणाऱ्या कागदात तिच्या अर्ध्या गुणाचे उत्तर घडी घालून ठेवलेले होते.

अकरा वाजले. लेक झोपायला गेली. नाना खुर्चीतून उठत होते, तेव्हा आईच्या तोंडून निघूनच गेले, "नाना, हे तेव्हा मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं होतंस?"

"नववीत. अंदाजपत्रकाची फाईल घेऊन बसला होतात. नियम आहे म्हणालात."

नानांना ते आठवत नव्हते. ते पुन्हा खुर्चीत बसले. बराच वेळ पंख्याचाच आवाज येत होता.

"मलाच ठाऊक नव्हतं गं तेव्हा," ते म्हणाले. "आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं. रोज वापरायचो, पण का ते पुष्कळ उशिरा उमगलं. आणि माहीत नाही असं म्हणायची लाज वाटायची. बापाला सगळं यायला हवं असं वाटायचं ना."

आई काही बोलली नाही. तीस वर्षे तिला वाटत होते की आपला प्रश्न वेडगळ होता. नानांना उत्तर येत नसेल, हे तिच्या मनातही आले नव्हते. किती घरांतून, किती वर्गांतून 'नियम आहे' या दोन शब्दांआड 'मला माहीत नाही' हे तीन शब्द लपून बसत असतील! 'माहीत नाही, चल शोधू' असे म्हणायला जरासा कमीपणा वाटतो. पण त्याची किंमत मुलाच्या गप्प होण्याएवढी नक्कीच नाही.

तिने पेन्सिल उचलली. लेकीच्या वहीतले पुढचे गणित पाहिले, १/(√३ − √२). चिन्ह बदलून वर-खाली √३ + √२ ने गुणले. छेदात तीन वजा दोन, एक. उत्तर √३ + √२. कागद तिने नानांपुढे ठेवला. त्यांनी एकेक पायरी बोटाने तपासली, लेकीच्या कंपासपेटीतून लाल पेन काढले आणि शेवटी एक ठसठशीत बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी लेकीने मॅडमना कागदाची घडी करून दाखवली. साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास. तरी मॅडमनी ती साऱ्या वर्गाला करून दाखवायला लावली. अर्धा गुण काही परत मिळाला नाही. लेकीनेही तो मागितला नाही.

रात्री गडबडीत लावलेले दही मात्र सकाळी छान लागले होते.